तक्त्याबरहुकूम

७ मार्च

कन्येने आज मला काम दिले. 'दिले' हे क्रियापद मी विचारपूर्वक योजले आहे; मी मागितले नव्हते. हिला जाऊन वर्ष होत आले. घर आवरून मी कन्येकडे राहावयास आलो, आणि तेव्हापासून खिडकीशी बसून वर्तमानपत्रातील चुकांखाली रेघा ओढणे एवढाच माझा उद्योग उरला होता. आज न्याहारीच्या वेळी ती म्हणाली, "बाबा, सकाळ-संध्याकाळ माशांना खाद्य टाकाल का? दोरखंडाला जाळी शिवायला वेळच मिळत नाही."

दोरखंड म्हणजे तिचा होडीवाला. खांद्यावर दोराचे वेटोळे नाही, अशा स्थितीत मी त्यास अद्याप पाहिलेले नाही. खरे नाव विचारले तर त्यालाही ते क्षणभर आठवावे लागते.

कन्येचा व्यवसाय मत्स्यपालनाचा. खाडीच्या मधोमध पाण्यावर तरंगणारी चार मोठी कडी आहेत. प्रत्येक कड्याखाली जाळ्याचा खोल पिंजरा आणि त्यात मासे. भूशिराचा आडोसा असल्यामुळे येथे लाट अशी येतच नाही. पाणी परातीत ओतून ठेवल्यासारखे स्थिर असते. वल्ह्याच्या लहान होडीतून माझ्यासारखा म्हाताराही पिंजऱ्यापर्यंत सुखरूप जाऊ शकतो. भूशिरापलीकडे, मोकळ्या समुद्रात, पिंजरे हलविण्याची परवानगी तिला गेल्या वर्षीच मिळाली असल्याचे कळते. ती कशाची वाट पाहते आहे, ते मात्र कळत नाही.

९ मार्च

गोदाम नीट पाहिले. एका बाजूस वाळत घातलेली जाळी, दुसऱ्या बाजूस लाकडी फळ्यांवर रचलेली खाद्याची पोती, मध्ये काटा. भिंतीवर खाद्याचा तक्ता टांगलेला आहे: माशाचे वजन किती, पाणी किती उबदार, आणि त्यानुसार दिवसाचे खाद्य किती. छपाई स्वच्छ, स्तंभ सरळ. एके ठिकाणी 'तपमान' असे छापले होते. तेथे पेन्सिलीने काना दिला.

उभा जन्म मुद्रितशोधनात गेलेल्या माणसास अशा तक्त्याविषयी आदर वाटतो. आमचे काम अक्षर अन् अक्षर मूळ प्रतीशी ताडून पाहण्याचे. मूळ प्रतीतले म्हणणे खरे की खोटे, हा लेखकाचा प्रश्न.

दोरखंडाला त्याची पद्धत विचारली. तो म्हणाला, "पद्धत कसली, काका? ते वर येतात तोवर टाकतो. यायचे थांबले की मीपण थांबतो."

"आणि पोत्यात उरते ते?"

"ते उद्या."

अशा कारभाराने चांगले चांगले धंदे बुडाले आहेत.

१८ मार्च

काम हाती बसले. दाणे मुठीने अर्धवर्तुळात फेकावे लागतात, नाहीतर एकाच जागी पडतात. आरंभी पाणी उकळल्यासारखे होते. पाठी, शेपट्या, तोंडे. मग मासे मंदावतात आणि खोल जातात. उरलेले खाद्य मात्र मी टाकूनच परततो आणि रिकामे पोते झटकून, घडी घालून जागेवर ठेवतो. तक्त्यात जे लिहिले आहे ते माशांना मिळालेच पाहिजे. त्यांचा त्या वेळचा कल काहीही असो. मुलांना वाढविताना आमच्या हिचेही हेच धोरण होते.

मी होडीत काहीतरी गुणगुणत होतो, असे दोरखंडाने कन्येस सांगितले. मला आठवत नाही. आठवत असते तरी मान्य केले नसते.

५ एप्रिल

एक गोष्ट लक्षात आली. गेले काही दिवस सकाळी कन्या माझ्या आधी गोदामात जाऊन बादल्या भरून ठेवते. तिचे कौतुक वाटले होते. आज सहज काट्यावर बादली ठेवली तर वजन तक्त्यापेक्षा बरेच कमी. दुसरीही तशीच.

"मापात चूक होते आहे तुझी," मी म्हणालो.

"बाबा, थोडे कमी चालते."

"कमी चालत असेल, तर तक्ता कशासाठी?"

"तक्ता खाद्य विकणाऱ्यांनी छापलाय," ती हसत म्हणाली.

"म्हणून तो चुकीचा ठरत नाही. गणिताचे पुस्तकही कोणीतरी विकतेच."

ती माझ्या सदऱ्याचे निसटलेले बटण लावून निघून गेली. आपली चूक दाखवून दिलेली तिला लहानपणापासून आवडत नाही. यापुढे बादल्या मीच भरणार, असे सांगून टाकले आहे.

२१ एप्रिल

खाडीस बरकत आली आहे. पिंजऱ्यांच्या आसपास बाहेरचे रानटी मासेही दाटीने फिरू लागले आहेत. आमच्या पंक्तीस ही बिनबोलावलेली मंडळी. मला त्यांचा राग येत नाही. पंगतीत चार पाने जास्त वाढली म्हणून यजमान दरिद्री होत नाही.

दुसरे असे, की पूर्वी किनाऱ्याजवळ पाण्याखालचे लांब हिरवे गवत वल्ह्याला गुंडाळत असे आणि ते सोडवीत बसावे लागे. आता ते नाहीसे झाले. वाट मोकळी झाली. पिंजऱ्याखालून अधूनमधून बुडबुड्यांची माळ वर येते आणि फुटते. खाडी स्वस्थपणे श्वास घेते आहे, असे वाटून मी बराच वेळ पाहत बसलो. दोरखंडाला दाखविले. त्याने नाक मुरडले. त्याच्या मते वास येतो. गावाचे गटार कोठेतरी फुटले असावे. पालिकेस लिहावयास हवे.

६ मे

शेजारीण भांडावयास आली. ही ओहोटीला खाडीच्या काठच्या चिखलातून शिंपल्या वेचते आणि बाजारात विकते. मला ती 'मास्तर' म्हणते. मी मास्तर नव्हतो, मुद्रितशोधक होतो, हे तिला अनेकदा सांगून झाले. "तेच ते," ती म्हणते, "दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि पगार घ्यायचा."

आज तिने टोपली माझ्यापुढे उपडी केली. शिंपल्या निम्म्याहून अधिक उघड्या, आत काळा गाळ, आणि दुर्गंधी.

"बघा तुमच्या लेकीचे प्रताप."

"यात तिचा काय संबंध? आम्ही समुद्रात विष टाकत नाही. अन्न टाकतो. अन्न कोणाला बाधते?"

"जास्त झाले की सगळ्यांना बाधते, मास्तर. परवा लग्नात जेवून आलात तेव्हा दोन दिवस ताकावर कोण होते?"

ही माहिती तिला कोणी पुरविली, याचा शोध घेतला पाहिजे. तिला मी शांतपणे समजावले की निसर्गात चांगली-वाईट वर्षे येतात. तिने टोपली उचलली आणि म्हणाली, "वर्ष वाईट नाही. वर्ष कशाला काय करेल?" वाक्य सदोष होते, तरी दिवसभर डोक्यात राहिले.

१४ मे

खाद्याचा व्यापारी आला होता. गोडबोल्या. माझ्या नियमितपणाची त्याने फार स्तुती केली. तुमच्यासारखी दहा माणसे भेटली तर मी निवृत्त होईन, म्हणाला. बोलता बोलता मी विचारले की हे दाणे असतात कशाचे. तो म्हणाला, "माशांचेच. लांबच्या समुद्रातून बारीक मासळी जहाजे भरभरून आणतात, वाळवतात, दळतात. थोडे धान्य, थोडे तेल."

"म्हणजे एक मासा वाढविण्यासाठी…"

"बरेच लहान जातात, हो. पण त्यांना कोण विचारतो? ते काय ताटात शोभतात?"

हे मला ठाऊक नव्हते. संध्याकाळी मूठ भरताना दाण्यांकडे जरा निरखून पाहिले. तपकिरी, गोल, एकसारखे. त्यांत डोळा वा खवला काही ओळखू येत नाही. मोठा मासा लहान माशास खातो हे शाळेत शिकलो होतो. त्यासाठी कारखाना लागतो, हे शिकविले नव्हते. तरीही, ज्याचा जीव घेऊन ते आले आहे त्याचा मान राखावयाचा तर कणभरही वाया जाता कामा नये. पोते अधिक काळजीपूर्वक झटकले.

२ जून

जेवताना दोरखंडाने विषय काढला. "ताई, बाहेर कधी न्यायचे पिंजरे? नांगर टाकून तयार आहेत. इथे आता पाणी फिरतच नाही."

"बघू," कन्या म्हणाली.

"मागच्या हंगामातपण बघूच म्हणालात."

"बघू म्हटले ना."

मी मध्ये पडलो. निर्णय लांबणीवर टाकणे हा दोष असून तो तिला आईकडून आला आहे, माझ्याकडून नव्हे, असे स्पष्ट सांगितले. दोघेही माझ्याकडे पाहत राहिले. मग दोरखंडाला एकाएकी ठसका लागला. नंतर कन्येने विचारले, "बाबा, तुम्हांला वाचनालयात जायला आवडेल का सकाळी? बसवाले सोडतील." मी म्हणालो, सकाळी मला काम असते.

१९ जून

हवा पडली आहे. पान हलत नाही. खाडी आरशासारखी, आणि वास कालपेक्षा अधिक. कन्या आणि दोरखंड जाळी आणावयास शहरी गेले आहेत, परवा सकाळी परततील. निघताना ती होडीपाशी थांबली. "बाबा, एवढे ऐका. मासे वर आले तरच टाका. नाही आले तर राहू द्या. माझ्यासाठी."

'माझ्यासाठी' म्हटल्यावर वाद घालता येत नाही. मान्य केले.

२० जून

सकाळी पिंजऱ्यापाशी गेलो तो नवल वाटले. आतल्या बाजूच्या दोन्ही पिंजऱ्यांत सगळेच्या सगळे मासे वर आले होते. तोंडे पाण्याबाहेर, उघडी, मिटत, उघडत. असे ते कधीच येत नाहीत. इतके भुकेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. काल संध्याकाळी ते वर आले नाहीत म्हणून मी काहीच टाकले नव्हते, त्याची मला लाज वाटली. आज तक्त्याप्रमाणे तर टाकलेच, शिवाय कालची तूट भरून काढली. कन्येची अटही पाळली गेली.

दाण्यांवर मात्र ते तुटून पडले नाहीत. अति भुकेने माणसासही घास गिळवत नाही.

२१ जून

दोन पिंजरे मेले.

काल दुपारी पहिला मासा उताणा झाला. मला वाटले, एखादा. दिवे लागेपर्यंत पाणी पांढऱ्या पोटांनी भरून गेले. कन्या आज सकाळी परतली. होडी पुरती थांबण्याआधीच तिने कड्यावर उडी मारली, आणि तेथे उभी राहिली. रडली नाही. दोरखंडाने जाळीने उपसावयास सुरुवात केली. मी मदत करू लागलो तेव्हा त्याने माझ्या हातातली बादली घेतली, उगाच दुसरीकडे ठेवली, आणि म्हणाला, "काका, तुम्ही सावलीत बसा."

"वारा पडला," कन्या मला म्हणाली. "पाण्यातला प्राणवायू संपला. कुणाची चूक नाही."

दुपारी शेजारीण आली. तिच्यामागे आणखी काही काठावरची माणसे. खाडीतले बाहेरचे मासेही मेले आहेत, आणि खेकडे पाण्यातून निघून खडकांवर चढून बसले आहेत, असे ती म्हणाली. मी वाऱ्याविषयी सांगावयास पुढे झालो, तो कन्या माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माझे चुकले, मावशी. खाद्य जास्त होत होते. मला माहीत होते."

जी चूक घडलीच नाही ती तिने का मान्य करावी, हे मला समजले नाही. मी तसे रागाने बोललोही. ती म्हणाली, "घरी चला, बाबा."

२४ जून

आज तिला म्हणालो, मला खरे काय ते दाखव. ती पाठीवर हवेचे नळकांडे बांधून पिंजऱ्यांखाली बुडी मारते आणि तळाचे चित्रण करते, हे मला ठाऊक होते. काय दिसते हे विचारण्याचे कधी सुचले नव्हते. ती बराच वेळ नको म्हणाली. मग टेबलावर संगणकाचा पडदा उभा करून माझ्या शेजारी बसली.

प्रथम दोन वर्षांपूर्वीचा तळ. वाळू, लांब गवत, त्यात लपणारी बारीक पिले, एक खेकडा तिरका पळतो आहे.

मग गेल्या महिन्यातला. काळा गाळ. त्यावर शिळ्या भातावर येते तशी पांढरी साय, लांबपर्यंत. गवताचे बुडखे. आणि सर्वत्र दाणे. तपकिरी, गोल, एकसारखे. काही फुगलेले, काही अद्याप तसेच. गाळातून एक बुडबुडा सुटला, वर गेला.

"ते खाली जाऊन कुजतात," ती म्हणाली. "कुजताना प्राणवायू खातात. इथे प्रवाह नाही, म्हणून नवे पाणी येत नाही. त्या दिवशी मासे वर आले होते ना, ते श्वास घ्यायला."

मी विचारले, "आणि मी त्यांना वाढत होतो?"

तिने चित्र थांबविले. मी म्हणालो, मला सांगितले का नाहीस. तिने पडदा मिटला.

"तुम्ही होडीत गुणगुणत होता, बाबा. आई गेल्यापासून पहिल्यांदा."

यापुढे आज लिहिता येत नाही.

३ जुलै

उरलेल्या दोन पिंजऱ्यांना आता मी पाहून टाकतो. हे काम मला येत नव्हते. एक मूठ टाकावयाची आणि थांबावयाचे. मासा दाण्याकडे येताना कसा वळतो, पोट भरलेला कसा दाणा तोंडात घेऊन सोडून देतो, हे मी एवढे महिने त्यांच्या डोक्यावर उभा राहून पाहिले नव्हते. एक कानाकडे पांढरा डाग असलेला आहे. तो सर्वांच्या नंतर येतो आणि नेमका माझ्या बाजूने. माशांना कान नसतात, असे दोरखंड म्हणतो. मग तो डाग कोठे आहे हे त्याने सांगावे.

शेजारणीकडे जाऊन आलो. खाद्य कन्येने नव्हे, मी टाकत होतो, आणि तिने कमी केलेले मापही मीच भरून काढत होतो, असे सांगितले. ती शिंपल्या धूत होती. म्हणाली, "ठाऊक आहे. सगळ्या काठाला ठाऊक आहे."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमच्या लेकीने हात जोडले होते. तिचा बाप होता तुम्ही. माझा असता तर बोलले असते." मग धुतलेल्या शिंपल्या बाजूला सारून, "आता ही खाडी मोकळी कधी करणार, ते सांगा. मला माफी शिजवून खाता येत नाही."



८ जुलै

दोरखंड जाळे शिवत होता. त्यास विचारले, की बाहेर नेले तर खाडी सुधारेल का. सुधारेल, म्हणाला, पण वर्षे लागतील. मग ताई का थांबली आहे, असे विचारताच तो सुईत दोरा ओवू लागला. तो आधीच ओवलेला होता.

"बाहेर लाट असते, काका. लाँचवरून हलत्या कड्यावर उडी मारायची. आमचीच तारांबळ उडते. तिथे तुम्हांला… तुम्ही राहायला आलात तेव्हापासून ताई म्हणते, बाबांचा दिवस कसा जाईल."

एवढे सोपे वाक्य मला दोन हंगाम वाचता आले नव्हते. सर्व अक्षरे समोर होती.

९ जुलै

आज मी एक असत्य विधान केले. पूर्ण वाक्यात आणि स्पष्ट उच्चारात.

कन्या धक्क्यावर होडी बांधत होती. मी म्हणालो, "मला या कामाचा कंटाळा आला आहे. गुडघे दुखतात, वास सहन होत नाही, आणि माशांशी बोलण्यासारखे काही नसते. तू ते बाहेर ने. मी वाचनालयात जात जाईन."

"खरंच बाबा?"

"मी तुझ्याशी कधी खोटे बोललो आहे काय?"

"नाही," ती म्हणाली. तिने दोराची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. तिची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही. परंतु पुढे तिने काहीच विचारले नाही, त्या अर्थी तिला पटले असावे.

थोड्या वेळाने मीच विचारले, की बाहेर नेल्याने घाण नाहीशी होते की केवळ पसरते. "पसरते," ती म्हणाली. "पसरली की समुद्र पचवतो. काही प्रमाणात. किती, ते मलाही पक्के माहीत नाही. म्हणून तिथेही कमीच टाकायचे, आणि पिंजरे दोनच ठेवायचे." तिला माहीत नाही हे तिने सांगितले, याचे मला समाधान वाटले.

१२ सप्टेंबर

आज पिंजरे हलविले. मासे आत असताना ओढावयाचे तर मुंगीच्या पावलाने जावे लागते. वेग वाढला की जाळे चेपते आणि मासे त्यावर दाबले जातात. पुढे दोन लाँच, मागे दोर, त्यामागे ती कडी. मी गुडघ्यांच्या कारणास्तव घरी थांबेन असे सांगितले होते.

लाँच निघाल्यावर मी भूशिरावरच्या पायवाटेने चालू लागलो. दिसू नये म्हणून झुडपांच्या आतल्या बाजूने. त्या इतक्या हळू जात होत्या, की मलाच पुन्हा पुन्हा थांबून त्यांची वाट पाहावी लागली. एवढी चाल मी कित्येक वर्षांत केली नव्हती. एका दगडावर बसलो असता शेजारीण खालच्या चिखलातून जाताना दिसली. तिने वर पाहिले, "गुडघे कसे आहेत, मास्तर?" एवढेच विचारले, आणि पुढे गेली.

टोकाशी पाण्याचा रंग बदलतो. पहिली लाट आली तशी पुढचे कडे वाकले, उचलले गेले, आणि पुन्हा सपाट झाले. कन्या त्यावर पाय फाकून उभी होती. तेथे मी क्षणभरही उभा राहू शकलो नसतो, हे आता प्रत्यक्ष पाहिले. आतील मासे दिसणे शक्य नव्हते. तरी मी पाहत होतो.

मग तिने एक हात उंच केला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. दोरखंड पुढच्या लाँचवर होता आणि त्याचे तोंड पलीकडे होते. त्यामुळे खूण कोणासाठी होती, हे सांगता येत नाही. मी झुडपाआड होतो, आणि तेथून मी कोणास दिसणे संभवत नव्हते. तथापि, शिष्टाचार म्हणून, मीही हात वर केला.